अंदाजाकडून प्रमाणाकडे : व्यावसायिक शेफची घडण

'शेफ' हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ केवळ 'प्रमुख' असा आहे. 'शेफ द क्विझीन' म्हणजे स्वयंपाकघराचा प्रमुख, आणि या लांबलचक पदनामाचा पहिला तुकडा तेवढा पुढे जगभर रूढ झाला. म्हणजे ज्या शब्दाने आज एक व्यवसाय ओळखला जातो, त्यात शिजवण्याचा उल्लेखच नाही. आहे तो माणसे, साहित्य आणि वेळ यांच्यावर देखरेख करण्याचा. मराठीत स्वयंपाकी, आचारी, बल्लवाचार्य असे शब्द आहेत, परंतु ते सर्व शिजवणाऱ्याच्या कौशल्याकडे बोट दाखवतात. मराठी घरात एखाद्याच्या 'हाताला चव आहे' असे म्हटले जाते, तेव्हा तो मोठाच गौरव असतो. मात्र ती चव त्या हाताबरोबर येते आणि त्या हाताबरोबरच जाते. शेफच्या व्यवसायाचा आरंभ याच मर्यादेपाशी होतो, कारण एका हाताची चव दुसऱ्या हाताने, दुसऱ्या दिवशी, शंभर पानांसाठी जशीच्या तशी उतरवता आली पाहिजे, ही त्या व्यवसायाची पहिली अट आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील एखाद्या तरुणाने वा तरुणीने या क्षेत्रात जायचे ठरवले, तर त्यांना नेमके काय शिकावे लागते आणि त्यातले किती त्यांच्या गावात आधीच उपलब्ध असते, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

पंगतीचा हिशेब

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवरील काटेवाडी हे गाव आषाढी वारीच्या वर्णनांत हमखास येते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून येथे पोहोचते, तेव्हा परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्यानंतर पालखी सणसरच्या मुक्कामाकडे निघते. पालखीमार्गावरील गावे वारकऱ्यांना जेवू घालतात, त्यामुळे जेथे एरवी घरटी चार-सहा माणसांची चूल पेटते, तेथे त्या दिवशी समूहासाठी स्वयंपाक होतो. लग्न, जत्रा, हरिनाम सप्ताह यांच्या पंगतीही याच प्रकारात मोडतात, आणि व्यावसायिक स्वयंपाकाचा पहिला धडा शाळेत जाण्यापूर्वीच अशा पंगतींत मिळतो.

पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचे मोजमाप 'पान' हे असते. यजमान 'पाचशे पाने' असे सांगतो आणि त्यावरून आचारी साहित्याची यादी काढून देतो: तूरडाळ किती किलो, तेलाचे डबे किती, गूळ किती, नारळ किती. मोठ्या हॉटेलात याच पानाला 'कव्हर' म्हणतात आणि भांडारातून माल मागवण्याच्या यादीला 'इंडेंट'. नावे वेगळी असली तरी हिशेबाची रीत एकच आहे. भेद पुढे सुरू होतो. आचाऱ्याच्या यादीत डाळ-तांदळाचे वजन लिहिलेले असते, परंतु मसाला किती वेळ परतायचा, आमटीत पाणी कधी घालायचे आणि मीठ कितपत सढळ हाताने टाकायचे, हे सर्व त्याच्या डोक्यात राहते. त्याचा मदतनीस ते वर्षानुवर्षे बघून शिकतो. ही पद्धत भक्कम असली तरी अतिशय सावकाश चालते, आणि आचारी आजारी पडला तर पंगतीची चवही त्याच्याबरोबर अंथरूण धरते.

चव कागदावर उतरते तेव्हा

हा अंदाज कागदावर उतरवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'अन्नभोग' नावाचा स्वतंत्र भाग आहे. छापील मराठी पाकपुस्तकांचा विचार करता रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांमुळे नवशिक्या गृहिणींना ते जवळचे वाटले. या पुस्तकाचे यश शेफच्या व्यवसायाच्या दृष्टीने सूचक आहे, कारण ज्या वाचकाला ओगल्यांचा हात कधी दिसणार नव्हता, त्याच्यापर्यंत त्या हाताचे प्रमाण मात्र पोहोचले होते.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात हेच काम 'स्टँडर्ड रेसिपी' करते. स्टँडर्ड रेसिपी म्हणजे पदार्थातील प्रत्येक घटकाचे वजन, कृतीचा क्रम, तापमान, वेळ, तयार होणारे एकूण प्रमाण आणि एका वाढपातील वजन यांची लेखी नोंद होय. घरगुती कृतीत 'चवीपुरते मीठ' हा शब्दप्रयोग चालतो, कारण चव बघणारा आणि जेवणारा बहुधा एकाच घरातला असतो. स्टँडर्ड रेसिपीत मात्र मीठही ग्रॅममध्ये लिहावे लागते, कारण सकाळच्या पाळीतील माणूस आणि रात्रीच्या पाळीतील माणूस यांच्या जिभा वेगळ्या असतात आणि गिऱ्हाईक मात्र एकाच चवीचे पैसे देते.

कामाची उतरंड

आधुनिक हॉटेलातील स्वयंपाकघराची रचना ऑग्यूस्त एस्कॉफिए (१८४६-१९३५) या फ्रेंच शेफच्या नावाशी जोडली जाते. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्याने लष्करी स्वयंपाकघरात काम केले होते, आणि १८९० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात रुजू झाल्यावर तेथील गोंधळाच्या भटारखान्याला त्याने लष्करी धर्तीची शिस्त लावली. पूर्वी एकच माणूस एक पदार्थ आरंभापासून शेवटपर्यंत करी. एस्कॉफिएने पदार्थाऐवजी कामाची विभागणी केली, म्हणजे रस्से आणि सॉस एका विभागाने, भाजणे दुसऱ्याने, थंड पदार्थ तिसऱ्याने आणि मिष्टान्ने चौथ्याने करावीत अशी व्यवस्था लावली. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा 'ल गीद क्युलिनेर' हा ग्रंथ या शिस्तीचा लेखी आधार ठरला.

या रचनेला 'ब्रिगेड' म्हणतात. तिच्या तळाशी ट्रेनी आणि 'कमी' असतो. कमी म्हणजे विभागातील कनिष्ठ स्वयंपाकी, आणि त्याचेही भारतीय हॉटेलांत तीन, दोन, एक असे चढते दर्जे असतात. त्याच्या वर 'डेमी शेफ द पार्टी' आणि 'शेफ द पार्टी', म्हणजे एका विभागाचा उपप्रमुख व प्रमुख, त्यानंतर 'सू शेफ' आणि सर्वांत वर 'एक्झिक्युटिव्ह शेफ' अशी ही उतरंड चढत जाते. जसजशी वरची पायरी येते, तसतसा कढईशी संबंध कमी होत जातो आणि पाळ्यांचे वेळापत्रक, खरेदी, खर्च, मेन्यू आणि माणसांचे प्रशिक्षण यांचा भार वाढतो. स्वयंपाकाच्या आवडीने आलेल्या अनेकांना या व्यवसायातील हा उलटा न्याय उशिरा कळतो.

ब्रिगेडमध्ये प्रवेश करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ऐकू येणारा शब्द 'मीज आं प्लास' हा होय. त्याचा अर्थ 'सर्व काही जागच्या जागी' असा असून प्रत्यक्षात तो ऑर्डर येण्यापूर्वीची संपूर्ण तयारी दर्शवतो: कांदा ठरलेल्या आकारात चिरलेला, वाटण तयार, मांस-मासळी साफ करून वजनाप्रमाणे विभागलेली, भांडी हाताशी. कमीची पहिली काही वर्षे बहुतांश याच तयारीत जातात, आणि ती कंटाळवाणी वाटली तरी सुरीवरचा ताबा, वेगाचे भान आणि मालाची पारख याच काळात हातात मुरते.

शिक्षणाच्या वाटा

या व्यवसायाचे औपचारिक शिक्षण भारतात सुरू झाले ते मुंबईत. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलने १९५४ मध्ये स्थापन केलेली, आज दादर येथे असलेली इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ही देशातील अशा प्रकारची पहिली संस्था होय. तिच्या नावात 'केटरिंग टेक्नॉलॉजी'बरोबर 'अप्लाइड न्यूट्रिशन' म्हणजे उपयोजित पोषणशास्त्र हे शब्दही आहेत. पुढे अशा केंद्रीय संस्थांच्या अभ्यासक्रमात आणि प्रवेशात एकसूत्रता आणण्यासाठी १९८२ मध्ये राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि बारावीनंतरचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम तिच्या सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे खुला होतो. पुणे जिल्ह्यातील विद्यार्थ्याला जवळची शासकीय संस्था म्हणजे शिवाजीनगर येथील महाराष्ट्र राज्य हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंग टेक्नॉलॉजी संस्था; ती १९९१ मध्ये सुरू झाली असून तेथे विद्यापीठाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालतो.

पदवी हा एकमेव मार्ग नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या, म्हणजे आयटीआयच्या, देशव्यापी अभ्यासक्रमांत 'फूड प्रॉडक्शन' हा दहावीनंतरचा एक वर्षाचा व्यवसाय आहे, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार आस्थापनांत विद्यावेतनावर शिकण्याची सोयही आहे. ज्या कुटुंबाला चार वर्षांचा खर्च झेपत नाही, त्याला या वाटेने लवकर कमाई सुरू करता येते. मात्र वरच्या पायऱ्यांवर लागणारे हिशेब, भाषा आणि व्यवस्थापन यांचे शिक्षण नंतर स्वतःच्या प्रयत्नाने मिळवावे लागते. पदवीधरही ब्रिगेडमध्ये बहुधा तळाजवळूनच सुरुवात करतो, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. पदवीमुळे पुढची चढण सोपी होते, पहिली पायरी काही टळत नाही.

भांडे मोठे होते तेव्हा

चार माणसांच्या कृतीतील प्रत्येक घटक शंभराने गुणला की चारशे माणसांचा स्वयंपाक होतो, ही समजूत चुकीची आहे. भांडे मोठे झाले की त्यातील पदार्थाचे आकारमान जितके वाढते तितका त्याचा वरचा उघडा पृष्ठभाग वाढत नाही, त्यामुळे तुलनेने कमी पाणी वाफ होऊन जाते आणि शंभरपट पाणी घातलेली आमटी पातळ होते. तळाशी उष्णता साचून पदार्थ लागतो आणि वरचा थर मात्र कोमट राहतो. अनुभवी आचारी पाण्याचा हात आखडता घेतो आणि मोठ्या उलथण्याने तळ सतत मोकळा ठेवतो, तेव्हा तो हेच भौतिकशास्त्र अंदाजाने पाळत असतो. शेफला ते कारणासह माहीत असावे लागते, म्हणजे नव्या भांड्यात, नव्या शेगडीवर आणि अनोळखी पदार्थातही त्याला ते लागू करता येते.

गावाकडच्या स्वयंपाकातील अशी अनेक कारणे शास्त्रीय परिभाषेत सहज मांडता येतात. ज्वारीच्या पिठात गव्हातल्यासारखे ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिनांचे जाळे, तयार होत नाही. म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळले की त्यातील काही स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. भाकरी गार झाल्यावर कडक होते, कारण फुगलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट होतात, आणि म्हणूनच ती आधी करून ठेवण्याऐवजी ऑर्डरनुसार तव्यावरून थेट ताटात देणे हॉटेललाही भाग पडते. मटणाचा रस्सा किंवा आमटी दाट करण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात वापरला जाणारा 'येसूर', म्हणजे धान्ये, डाळी आणि मसाले भाजून केलेले पीठ, आणि फ्रेंच स्वयंपाकातील 'रू', म्हणजे लोण्यात परतलेला मैदा, ही दोन्ही स्टार्चच्या बळावर रस दाट करतात. पीठ जितके खमंग भाजावे तितकी त्याची दाटपणा आणण्याची शक्ती घटते, हा नियम दोघांनाही लागू आहे. येसूर जाणणाऱ्या विद्यार्थ्याला रू नव्याने समजावण्याची गरज नसते. दोन्हींतील साम्य कोणी दाखवून दिले की पुरे.

मोठ्या भांड्याचा आणखी एक परिणाम आरोग्याशी निगडित आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून गरम अन्न त्याच्या वर आणि थंड अन्न त्याच्या खाली ठेवणे हा व्यावसायिक स्वयंपाकघराचा मूलभूत नियम आहे. घरातली वाटीभर भाजी पटकन निवते, परंतु मोठ्या टोपातला भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो आणि शिजताना न मेलेले काही जिवाणूंचे बीजाणू त्या उबेत पुन्हा वाढू लागतात. उरलेला भात उथळ ट्रेमध्ये पसरून लवकर थंड करण्याची शिस्त यातूनच आली. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याने अन्नव्यावसायिकांसाठी परवाना वा नोंदणी बंधनकारक केली असल्याने ही शिस्त आता केवळ शहाणपणाची बाब राहिलेली नाही.

तिसरा हिशेब पैशांचा असतो. समजा, भिगवणच्या बाजारातून २०० रुपये किलोने एक किलो अख्खा मासा आणला आणि खवले, पोटातील भाग व डोके काढल्यावर ६०० ग्रॅम उरला, तर स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या माशाचा खरा भाव किलोला सुमारे ३३३ रुपये होतो. साफ केल्यावर हाती उरणाऱ्या या भागाला 'यील्ड' म्हणतात. पदार्थाच्या विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा सुमारे एक तृतीयांश असावा, असा व्यवसायातील ढोबळ संकेत आहे. उरलेल्या रकमेतून पगार, गॅस, भाडे आणि नफा निघतो. यील्ड विसरून किंमत ठरवणारा शेफ उत्तम स्वयंपाक करूनही आस्थापना तोट्यात घालू शकतो.

दूरची स्वयंपाकघरे

मराठी आणि कोकणी मुलखातून स्वयंपाकाच्या बळावर दूर जाण्याची परंपरा जुनी आहे. ब्रिटिश काळात गोव्याचे अनेक तरुण आगबोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून नोकरी करत, आणि दोन सफरींच्या मधल्या काळात मुंबईत धोबीतलाव परिसरातील 'कूड' म्हणजे आपापल्या गावाच्या सामाईक निवासांत राहत. आजच्या क्रूझ जहाजांवरील नोकऱ्या हा त्याच परंपरेचा पुढचा टप्पा असून तेथे पाककौशल्याबरोबर सागरी सुरक्षेचे प्रशिक्षणही आवश्यक असते.

गोमंतकीय वंशाचे आणि मुंबईत जन्मलेले फ्लॉइड कार्डोझ (१९६०-२०२०) यांची वाटचाल या व्यवसायाच्या पायऱ्या स्पष्ट करते. मुंबई आणि स्वित्झर्लंड येथे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी न्यूयॉर्कमधील 'लेस्पिनास' या नामांकित उपाहारगृहात वर्षानुवर्षे काम करत वरचे पद मिळवले आणि त्यानंतर १९९८ मध्ये 'टॅब्ला' या भारतीय धाटणीच्या उपाहारगृहाची धुरा सांभाळली. २०११ मध्ये 'टॉप शेफ मास्टर्स' ही अमेरिकी स्पर्धा त्यांनी जिंकली, तेव्हा अंतिम फेरीत त्यांनी मांडलेला एक पदार्थ रानटी मशरूमसह केलेला उपमा होता. दुसऱ्या टोकाला सुजय सोहनी आणि सुबोध जोशी यांचे उदाहरण आहे. मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या या दोघा मित्रांनी मंदीच्या काळात नोकरी हातची गेल्यावर २०१० मध्ये लंडनच्या हाउन्स्लो भागात वडापावचा छोटा ठेला सुरू केला आणि पुढे त्याच्या शाखा काढल्या. उपमा असो वा वडापाव, दोन्ही ठिकाणी ओळखीचा पदार्थ अनोळखी गिऱ्हाइकासमोर दररोज त्याच दर्जाने ठेवण्याची क्षमता कामी आली.

यशाच्या या कथांमागे व्यवसायाचे खडतर अंगही आहे. पाळ्या लांब असतात. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणांमध्ये मोकळा वेळ सोडणारी 'ब्रेक शिफ्ट' दिवसाचे दोन तुकडे करते. सण, लग्नसराई आणि रविवार हे इतरांच्या सुट्टीचे दिवस कामाचे असतात. उष्णता, सततचे उभे राहणे आणि सुरुवातीचा तुटपुंजा पगार यांमुळे अनेक जण पहिल्या काही वर्षांतच क्षेत्र सोडतात. हे वास्तव प्रवेशापूर्वी माहीत असणे हिताचे ठरते, आणि सुट्टीत एखाद्या केटररकडे किंवा खानावळीत महिनाभर काम करून पाहणे हा त्याची पारख करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

घरचा हात, बाहेरचा मान

घरचा स्वयंपाक स्त्रियांकडे आणि मोबदल्याचा स्वयंपाक पुरुषांकडे, ही विभागणी महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकली. आचारी पुरुष, वाढपी पुरुष आणि ब्रिगेडचे लष्करी वळणही पुरुषी. या विभागणीला पडलेली एक मोठी भेग मुंबईच्या गिरणगावात दिसते. तेथे गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. या स्त्रिया रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरात, ठरलेल्या माणसांना जेवण देत होत्या; म्हणजे पदनाम नसले तरी व्यवसायाच्या सर्व अटी त्या पाळत होत्या.

बारामती परिसरात याच दिशेने झालेला प्रयत्न म्हणजे भीमथडी जत्रा. भीमेच्या काठच्या मुलखाचे जुने नाव धारण करणारी ही जत्रा बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या वतीने, सुनंदा पवार यांच्या पुढाकाराने, २००६ पासून पुण्यात भरू लागली, आणि ग्रामीण बचत गटांतील स्त्रिया तेथे मांडे, पुरणपोळी, थालीपीठ, मटण-भाकरी असे पदार्थ शहरी गिऱ्हाइकांसमोर करून विकतात. घरात रोज दहा भाकरी थापणारी स्त्री तेथे दिवसभर भाकरी थापते, माल किती आणायचा याचा अंदाज घेते, दर ठरवते आणि उरलेल्या मालाचा तोटा सोसते. व्यावसायिक अभ्यासक्रमात मेन्यू नियोजन आणि खर्च नियंत्रण या नावांनी शिकवले जाणारे विषय ती चार दिवसांत अनुभवाने शिकते.

भीमथडीचा शिधा

बारामती-इंदापूर भागाचे पाककलेतील भांडवल त्याच्या जमिनीत आणि पाण्यात आहे. नीरेच्या कालव्याखालील बागायतीत ऊस आणि जिरायती पट्ट्यात ज्वारी-बाजरी, अशा दोन शेतींमुळे येथे गूळ-काकवी आणि भाकरी-हुलगा या दोन्ही चवी नांदतात. इंदापूर तालुक्यात द्राक्षे, डाळिंब आणि पेरू पिकतात, तर निमगाव केतकी पानमळ्यांसाठी ओळखले जाते. उजनी धरणाच्या फुगवट्याने भिगवणला मासळीची बाजारपेठ दिली आणि पुणे-सोलापूर महामार्गावर गोड्या पाण्यातील मासळीची हॉटेले उभी राहिली. कोरडवाहू मुलखात मासे खाण्यासाठी वाट वाकडी करून येणे ही अवघ्या काही दशकांत घडलेली गोष्ट आहे. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेल्या कृषी पर्यटन केंद्राने शेतावरचे जेवण हेच विक्रीयोग्य आकर्षण असल्याचे दाखवून दिले. म्हणजे या भागातील प्रशिक्षित शेफपुढे पंचतारांकित हॉटेल किंवा परदेश एवढेच पर्याय नाहीत. कृषी पर्यटन, महामार्गावरील हॉटेल, औद्योगिक वसाहतीतील कँटीन आणि लग्नसराईचे केटरिंग या क्षेत्रांनाही अशा माणसाची गरज आहे.

या सर्व ठिकाणी शेफची कसोटी एकच राहते, आणि ती त्याच्या गैरहजेरीत लागते. तो रजेवर असताना स्वयंपाकघरातील कनिष्ठ कमीने त्याच रेसिपीवरून केलेला रस्सा गिऱ्हाइकाला वेगळा लागला नाही, तर त्याचे काम साधले असे म्हणता येते. पंगतीच्या आचाऱ्याने काढलेल्या यादीत डाळ-तांदळाचे वजन पूर्वीपासूनच आहे. तिच्यात येसुराचे ग्रॅम, भाजण्याची मिनिटे आणि मोठ्या भांड्यातील पाण्याची घट एवढी तीन टिपणे भरली, तर तीच यादी दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या पिढीच्या हाती देता येईल.